प्रवाळाला डोस

४ मे
वैष्णवी सकाळच्या गाडीने रत्नागिरीला गेली. परीक्षा आहे, महिनाअखेर येईल. जाताना हॉलमधल्या तिच्या काचेच्या टाकीपुढे मला उभं केलं आणि सूचना दिल्या. बापाला सूचना. टाकीत विकतचं मीठ घालून केलेलं समुद्राचं पाणी, त्यात प्रवाळ, दोन मासे, चार गोगलगायी. वर्षभर ती या प्रवाळांच्या वाढीची मापं घेतेय. जूनमध्ये ती मापं दाखवली की पुढच्या शिक्षणाची जागा पक्की. म्हणून एसी चालू ठेवायचा, पाणी आटलं तर स्वयंपाकघरातल्या फिल्टरचं घालायचं, बाकी काही टाकायचं नाही.

माजलगावात माझं कृषी सेवा केंद्र आहे. लोक पान घेऊन येतात, मी काउंटरवर बसूनच रोग सांगतो. शेतात जावं लागत नाही. पण घरची पोरगी मला टाकी सांभाळायला शिकवणार. बरं म्हणालो. वाद घातला नाही.

६ मे
एसीने मान धरली. बंद केला. समुद्रात कोण एसी लावतं? पंखा आहे की. सुनिताने तोंड वाकडं केलं. लग्न झाल्यापासून तेच करते.

९ मे, दुपारी
बेचाळीस डिग्री. लाईट गेलेली. वैष्णवीचं सगळ्यात लाडकं प्रवाळ म्हणजे हॅमर. एरवी बोटं पसरून डुलत असतं, आज मूठ आवळून बसलंय. कडा फिक्या पडल्यात. पाहताक्षणी ओळखलं, लोहाची कमतरता. उसाचं पान अगदी असंच फिकं पडतं.

सुनिता म्हणाली, एसी लावा. हिला दुसरं काही सुचत नाही.

उद्यापासून उपचार. एका वेळी एकच औषध, मग निरीक्षण. शास्त्र म्हणजे शास्त्र.

१० मे
फेरस, म्हणजे लोह, टाकलं. सोबत झिंक, कारण फेरस एकटं कधी देत नाहीत. सोबत थोडं ह्युमिक ॲसिड, कारण झिंक धरून ठेवायला काहीतरी हवं. पाणी चहासारखं झालं. म्हणजे औषध सगळीकडे पोचलं.

वैष्णवीचा फोन आला. टाकी झकास आहे म्हणालो, तू अभ्यास कर. व्हिडिओ दाखवा म्हणाली. नेट बंद आहे म्हणालो. मग आठवलं, ती व्हॉट्सॲपवरूनच बोलत होती.

१२ मे
टाकी भराभर आटतेय आणि फिल्टर थेंब थेंब गाळतोय. असले फिल्टर बनवणाऱ्यांना उन्हात उभं केलं पाहिजे. बोअरचं पाणी घातलं, बादलीभर. आजूबाजूचा सगळा ऊस याच पाण्यावर उभा आहे. उसाला चालतं ते यांना चालत नाही, असे कोण लागून गेलेत हे?

१५ मे
काचेवर हिरवळ धरली. डोस लागू पडला. सुनिताला हाताला धरून आणलं आणि दाखवलं. म्हणाली, हे तर शेवाळ. जनावरांच्या हौदाला धरतं ते. डोकं फिरलं.

संध्याकाळी इंटरनेटवरच्या एका ग्रुपमध्ये फोटो टाकला. पुण्याच्या कुणीतरी विचारलं, पाण्यात काय काय टाकलंत? काही नाही, असं लिहिलं. मग म्हणे खोली गार ठेवा, थोडं थोडं पाणी बदला आणि वाट बघा. वाट बघा हा सल्ला नव्हे, आळस आहे. ग्रुप सोडला.

१८ मे
शेवाळच आहे. मी आधीपासून हेच म्हणत होतो. त्यावर मोरचूद. द्राक्षवाले, डाळिंबवाले सगळे फवारतात, अजून कुणी मेलेलं ऐकलं नाही. चिमूटभर टाकलं. कमी वाटलं म्हणून आणखी एक चिमूट. पाणी पहिल्यांदा समुद्रासारखं निळं दिसलं. फोटो काढून ठेवला.

१९ मे
गोगलगायी एका जागी पडून आहेत. उन्हाने सुस्तावल्या असाव्यात. माणसांचंही तेच झालंय.

२० मे
सुस्तावलेल्या नाहीत. वास सुटलाय. सुनिता नाकाला पदर लावून हॉलमधून जाते, आणि मी बघत असेन तेव्हाच जाते. जेवताना म्हणाली, "लेकरू किती जिवानं सांगून गेलतं. तुमी हात कावून घातला त्यात?"

ताट सरकवून उठलो. या घरात ज्ञानाची कदर नाही. भूक होती, तरी उठलो. टाकीचं मीठ ज्या कंपनीचं आहे तिला खरमरीत मेल लिहिला. मीठच भेसळीचं असणार. सगळा दोष मिठाचा आहे.

२३ मे
हॅमरची बोटं गळाली. खाली पांढराफटक सांगाडा उरलाय. फुटवे फुटायचं टॉनिक टाकलं, दुप्पट. एक मासा दिसत नाही. लपला असेल.

२७ मे
वैष्णवी आली. चपला न काढता टाकीपुढे गेली. मी तयारीत होतो. उन्हाळा, लाईट, फिल्टर, मीठ, सगळं क्रमाने सांगणार होतो. तिने काही विचारलंच नाही. पाण्यात हात घालून हॅमरचा सांगाडा बाहेर काढला, पुसला, पट्टी लावली आणि माप घेतलं. हे शेवटचं म्हणाली.

मला तिचा भयंकर राग आला. ओरडली असती तर मीही ओरडलो असतो, विषय संपला असता. मग तिने शांतपणे विचारलं, काय काय टाकलं. सांगितलं. सांगता सांगता यादी लांबत गेली तसा माझा आवाज बारीक होत गेला, तोही मला आवडला नाही.

"पप्पा, दुकानात येणाऱ्या लोकायलाबी असंच देता का?"

म्हणालो, माझी गिऱ्हाइकं वर्षानुवर्षं परत परत येतात, ती काय उगीच येतात?

"बरं झालं म्हणून येतात, का न्हाई झालं म्हणून?"

काउंटरवर असं कुणी बोलत नाही. बाहेर गेलो आणि बोअरच्या मोटारीला लाथ घातली. अंगठा सुजला.

यंदा ॲडमिशन होणार नाही. पुन्हा पहिल्यापासून टाकी, पुन्हा वर्ष. हे तिने नाही, सुनिताने सांगितलं. मी तिथेच पायरीवर बसलो. पोरीचं वर्ष मी खाल्लं. हे लिहितानाही कुणावर तरी चिडावंसं वाटतंय, पण चिडायला आता घरात कुणी उरलं नाही.

३० मे
दुकानात आप्पा आले, टाकरवणचे, जुनं गिऱ्हाईक. उसाचं पिवळं पान काउंटरवर ठेवलं. फेरस अगदी ओठावर आलं, पण हात फळीकडे जाईना. पहिल्यांदाच विचारलं, पाणी कसं देता, पिवळं कधीपासून पडलं, आधी काय टाकलंय. आजारी मी असल्यासारखे ते माझ्याकडे बघायला लागले. म्हणालो, आप्पा, आठ दिवस काही टाकू नका. मी रानात येऊन बघतो.

"काईच न्हाई? मंग दुकान कावून उघडलंय, शेठ?"

पान उचललं आणि रस्ता ओलांडून समोर विजयसिंहच्या दुकानात गेले. त्या गृहस्थाने बसल्या जागेवरून पान पाहिलं आणि चार बाटल्या काढून दिल्या. आप्पा खूश. मी इथून सगळं बघत होतो, दात खात.

चारांतली एक तर साफ चुकीची होती, आणि फेरस दिलं तेही झिंकशिवाय. मला राहवलं नाही. आप्पा अजून तिथेच उभे होते, फोन लावला आणि म्हणालो, सोबत झिंक घ्या. त्यांनी ऐकलं. विजयसिंहकडूनच घेतलं.