होस्टाचा कोंब

इंदिरानगर, बेंगळूर
२३ फेब्रुवारी २०२५

ती. अक्कास,

संयोगिताचा नमस्कार. तू पाठवलेले सांडगे पोचले. फोनवर तू "प्रतापराव कसे आहेत?" विचारतेस आणि मी "बरे आहेत" म्हणते, कारण हे शेजारीच बसलेले असतात. म्हणून आज पत्र.

ह्यांना कधीकधी माझं नावही आठवत नाही. बागेतलं होस्टाचं रोप मात्र पक्कं लक्षात आहे. शमिकानं शेवटच्या खेपेला कॅनडाहून त्याचा गड्डा आणून बटरफ्रूटच्या झाडाच्या सावलीत लावला होता. काय पानं आली होती! पत्रावळीएवढी, कडेला सायीसारखा पांढरा काठ. हिवाळ्यात पानं झडून ते झाड मातीखाली झोपतं आणि कडक थंडी मिळाली तरच उठतं. बेंगळुरात आता कुठली आलीय तसली थंडी? नर्सरीवाल्यानं सांगितलंच होतं, "मेलं समजा, अम्मा."

शमिका तिकडेच गेली, हेही हे विसरतात. रोज सकाळी विचारायचे, "पोर कधी येणार गं?" मी खरं सांगायची, आणि हे आत्ताच कळल्यासारखे रडायचे. रोज. लेक मेल्याची बातमी एका बापाला किती वेळा द्यायची? शेवटी हरले. म्हटलं, "होस्टाला कोंब आला की येईल." कोंब येणारच नव्हता ना!

हे खूश. रोज फ्रीजमधला बर्फ मातीवर पसरायला लागले. "स्वल्प थंडी मिळू दे त्याला," म्हणायचे. मीही वेड्यासारखी ट्रे भरून ठेवायची.

आज सकाळी फुलं काढायला गेले तर कोंब आलेला. जांभळट, बोटाएवढा. आपल्या शमिकाच्या हातचं तेवढंच काय ते जिवंत. हे आत दाढी करत होते. मी तो मुळापाशी खुडला आणि पदरात लपवला.

हे आले, वाकून पाहिलं. "झोपलंय अजून. झोपू दे," म्हणाले आणि चहा मागितला. मी चहा केला, अक्का. साखरसुद्धा बरोबर पडली.

मग माती उकरून पाहिली. खाली आणखी कोंब आहेत, चांगले टपोरे. गड्डाच उपटावा तर हात धजत नाही. राहू द्यावं तर हे फाटकाशी खुर्ची टाकून तिची वाट पाहत बसतील. मी पार खचले गं. लवकर ये. तू येऊन काय करणार तेही मला ठाऊक नाही, पण ये.

हे पत्र तुझ्या हाती पडेपर्यंत मी किती कोंब खुडले असतील, कोण जाणे.

तुझी
संयोगिता