मागच्या झाडाची कैरी

गुरुजी, माणसाला आत्मा नसतो, मेल्यावर मागे त्याचे चांगले-वाईट काम तेवढे उरते, असे तुम्हीच आम्हाला शिकवले होते. म्हणजे तुमच्या मताने हे वाचायला कोणी नाही. आम्हा आदिवासींच्या मताने मात्र मेलेला माणूस गाव सोडून जात नाही, आसपासच राहतो. दोन्ही मते मी पुष्कळ वेळा पडताळून पाहिली. निकाल लागत नाही, म्हणून आज लिहायला बसलो आहे.

शनिवारचा शेवटचा तास आठवतो. पुस्तके मिटायला लावून तुम्ही जगातले धर्म सांगायचात. तुमचे आईवडील आरमोरीकडचे, बाबासाहेबांच्या मागे बौद्ध झालेले. म्हणून पंचशील आधी यायचे, पण तिथेच तुम्ही थांबायचा नाहीत. दिवसभर उपाशी राहून भुकेल्याची आठवण ठेवणारा रोजा, शेजाऱ्यावर आपल्यासारखीच माया करा म्हणणारा येशू, पाण्यातला जीवही मरू नये म्हणून पाणी गाळून पिणारे जैन, हे सगळे मी आमच्या आश्रमशाळेच्या शेणाने सारवलेल्या जमिनीवर बसून ऐकले. आणि प्रत्येक वेळी शेवटी तुमचे ठरलेले वाक्य असायचे, "मी सांगितलं म्हणून मानू नका. इचारा, तपासा, मंग माना." एकदा तुम्ही मला उभे करून विचारले, "तुमच्यात काय सांगतात रे?" मी म्हणालो, "आमचं पुस्तकात नाई, गुरुजी." मागून एक पोरगा ओरडला, "याचा धर्म झाडाले लटकून हाय!" सगळा वर्ग हसला. तुम्हीही हसला आणि म्हणाला, "लटकू दे की. बुद्धाले बी झाडाखालीच समजलं." त्या दिवसापासून मी तुमचा झालो.

त्याच उन्हाळ्यात तुम्हाला ताप आला. तुमच्या खोलीत स्टोव्हवर भाताचे पातेले तसेच पडले आहे, तुम्ही घोंगडी पांघरून बसला आहात आणि खिडकीतून मागचे आंब्याचे झाड दिसते, कैऱ्यांनी वाकलेले. मी पाण्याची बादली ठेवून निघतो, तेवढ्यात तुम्ही हाक मारता.

"तोंडाची चव गेली रे. एक कैरी आण. उकडून पन्हं करू."

मी दारातच उभा.

"काऊन? झाडावर चढता येत नाई?"

"आमचं नवं खाणं झालं नाई, गुरुजी. देवाले दिल्याबिगर नवी कैरी तोडत नाईत. वाघ गावात येते."

"कधी हाय मंग?"

"गायता सांगन तेव्हा."

तुम्ही घोंगडी पुन्हा अंगावर ओढून घेतली. "राहू दे मंग. तुमचा नेम होऊ दे. मी कुठी पळून राह्यलो?" संध्याकाळी भेटायला आलेल्या पोरांना तुम्ही माझ्याकडे बोट दाखवून सांगितले, "पाहा, पुस्तकात नसलेला धर्म असा असतो. आधी सगळ्यांचं, मंग आपलं." माझी छाती फुगली. गायता म्हणजे आमचा गावपुजारी, त्याने दिवस सांगायच्या आधीच तुम्हाला बैलगाडीत घालून कुरखेड्याच्या दवाखान्याकडे न्यावे लागले. वाटेतच तुम्ही गेलात. मी आठवीनंतर शाळा सोडली. आता कुरखेड्यातच सायकली दुरुस्त करतो. चाकाची प्रत्येक तार दोनदा तपासल्याशिवाय गिऱ्हाइकाला सायकल देत नाही.

यंदा नव्या खाण्याला गावी गेलो होतो. गायता आता फार म्हातारा झाला आहे. त्याच्याजवळ बसून मोहाच्या पानांचे द्रोण करता करता, का कोण जाणे, मी तुमच्या पन्ह्याची गोष्ट काढली. म्हाताऱ्याचा हात थांबला.

"मास्तर बिमार होता ना?"

"हो, बाबा."

"मंग देवापुढे एक कैरी ठेवून त्याले देता आली असती. बिमाराले, गरवार बाईले नेम नाई. देव का माणूस मारायले बसला हाय? माझं घर तं शाळेच्या बाजूलेच होतं. काऊन नाई इचारलं?"

मी हातातला द्रोण खाली ठेवला. इचारा, तपासा, हे शनिवारमागून शनिवार मी तुमच्याकडून ऐकले होते. तुम्ही आमचा मान ठेवला आणि विचारले नाही. मी वाघाला भ्यालो, गायत्यालाही भ्यालो, आणि विचारले नाही. एका पन्ह्याने तुम्ही वाचला असता, असे मी म्हणत नाही. पण तोंडाला चव घेऊन तरी गेला असता. तुम्ही ज्याला माझा धर्म म्हणालात, त्यातले निम्मेच मला ठाऊक होते. दया होती ती बाजू मी ऐकलीच नव्हती.

हे लिहिलेले मी कुठे टाकणार नाही, घडी करून ठेवून देईन. घरी दर उन्हाळ्यात बायको पन्हे करते आणि मी पेला बाजूला सारतो. दात आंबतात, असे तिला सांगतो. माझे दात चांगले आहेत, गुरुजी.