फिरवून आणलेला बैल

३ जानेवारी १९४४, घोडेगाव
सकाळी मूठ मिटेना. गुडघे सुजलेले. उठून बसायला तासभर लागला. वय चोवीस. कारण थंडी. उद्यापासून मफलर.

६ जानेवारी
मफलर बांधूनही तेच. म्हणजे कारण दही. दही बंद.

७ जानेवारी
बैलबाजारात उभ्या उभ्या पेंगलो. अंगात त्राण नाही. दही सोडल्याचा परिणाम.

८ जानेवारी
आईने गुडघ्यांना बिब्बा लावला. फोड आले. फोडच इतके दुखतात की गुडघे कळत नाहीत. फरक आहे.

११ जानेवारी
बैलांच्या धंद्यातले माझे भागीदार गनीभाई, त्यांनी बळेच नगरला डॉक्टरकडे पाठवलं. आखडलेला बैल आम्ही पहाटे मैलभर फिरवून मग बाजारात उभा करतो. अंग तापलं की लंगडणं दिसत नाही. मीही मोटारीतून नगरच्या अलीकडेच उतरलो नि दोन मैल चाललो. परक्या माणसापुढे शोभा कशाला? डॉक्टरांनी सांधे वाकवून पाहिले. सकाळी कसं असतं म्हणाले. मी म्हटलं, फर्स्ट क्लास. टॉनिक मिळालं. आजार नाही हे सिद्ध झालं.

१५ जानेवारी
सोमवारी दुपारी कोल्हारचे काकासाहेब मुलीसाठी मला बघायला येणार. हे स्थळ जमावं असं फार वाटतं. त्यांच्या रतनला एकदा पाहिलंय, तेव्हापासून. गेल्या साली काकासाहेबांना धवळ्या बैल मीच विकला, पहाटे फिरवून. सोमवारी मीही उजाडायच्या आत तीन फेऱ्या मारणार. प्लॅन पक्का.

१७ जानेवारी
काकासाहेब काल संध्याकाळीच आले नि मुक्कामी राहिले. सकाळी डोळे उघडले तर उशाशी बसलेले. दोनदा उठायला गेलो, जमलं नाही. त्यांची तंबाखू मळून झाली तरी मी एका कोपरावरच.
“धवळ्याबी असाच उठायचा,” ते म्हणाले. “त्याला म्या ठिवून घेतला. त्यो बैल हुता. ही लेक हाय माजी.”
चपला घालताना म्हणाले, “डागदराकडं असाच जा. न चालता.”
वाईट वाटायला हवं होतं. काहीच वाटलं नाही. परत झोपलो.

१८ जानेवारी
आईला सांगितलं, स्थळ मलाच पसंत नव्हतं.

२० जानेवारी
गनीभाईंबरोबर सकाळच्या मोटारीने नगर. गेल्या वेळच्याच जागी उतरून चालणार होतो. उठायला लागलो तर त्यांनी मनगट धरून खाली बसवलं.
दुखलं. तसं म्हणालो.