पाटावरचं रिव्हॉल्व्हर

१२ ऑगस्ट २००६, शुगर लँड, टेक्सास

आलो बाई एकदाचे! कॅलिफोर्नियातल्या सनीव्हेलच्या खुराड्यातून थेट स्वतःच्या घरात. चार बेडरूम, वर-खाली मजले, मागे अंगण. दोघांना एवढं घर कशाला म्हणून मी विचारलं, तर विनय म्हणाला, भांडण झाल्यावर तोंड लपवायला जागा हवी. त्याचं नवं ऑफिस तेलकंपनीचं, दिवसभर तो तिकडे आणि मी इथे राणीसारखी.

उकाडा मात्र अंगाची लाही करतो. पलीकडच्या गल्लीतल्या शैलजाकाकू पहिल्याच दिवशी पुरणपोळ्या घेऊन आल्या. मूळच्या साताऱ्याच्या, पंचवीस वर्षं अमेरिकेत, पण सोवळंओवळं अजून सुटलेलं नाही. कुठे कढीपत्ता मिळतो इथपासून कुणाची सून माहेरी गेली इथपर्यंत सगळं कळलं. अंगणात, स्वयंपाकघराच्या खिडकीसमोर, मी लोखंडी खुर्च्यांची जोडी मांडली. संध्याकाळी विनयबरोबर तिथे चहा घ्यायचा. फार सुखात आहे मी, उगाच नजर लागायची.

३१ ऑगस्ट

एक गंमत. अंगणातली एक खुर्ची सकाळी खिडकीकडे तोंड करून होती. काल ती झाडाकडे होती, मीच ठेवली होती. वाऱ्याने फिरली असेल, असं विनयचं म्हणणं. ती खुर्ची उचलायला मला दोन्ही हात लागतात. मी ती परत झाडाकडे केली. संध्याकाळी पुन्हा खिडकीकडे. खाली सूर्यफुलाच्या बियांची टरफलं पडली होती, कुणी निवांत बसून खाल्ल्यासारखी. आमच्याकडे कुणी बिया खात नाही.

७ सप्टेंबर

शेवटी पोलिसाला बोलावलं. भला माणूस होता. टरफलं बघितली, त्या खुर्चीत बसून खिडकीकडे बघितलं. म्हणाला, इथून तुमचं स्वयंपाकघर सगळं दिसतं, आणि खिडकी उघडी असली तर ऐकूही येतं. एवढ्यावरून कुणाला पकडता येणार नाही. मग त्याने विचारलं, घरात बंदूक आहे का? आपण घरात इन्व्हर्टर आहे का विचारतो, त्याच सुरात.

काकू म्हणाल्या, आपल्या लोकांची घरं सोन्यासाठी हेरतात, तीही भरदिवसा, सगळे ऑफिसात असताना. पण सोन्यासाठी आलेला माणूस आठवडाभर नुसता बघत का बसेल? हे मी विनयला विचारलं. तो रात्रभर इंटरनेटवर बंदुका बघत बसला.

१० सप्टेंबर

दुकानात गेलो. विनयने कार घेतानासारखा तक्ता करून नेला होता, कुठल्या पिस्तुलात किती गोळ्या, कुणाचं रेटिंग किती. सगळ्यात मोठं तेच त्याच्या मनात भरलं. हौसेला मोल नसतं. दुकानदार म्हातारा होता. त्याने तो तक्ता बाजूला सारला आणि मलाच विचारलं, वापरणार कोण? पर्समध्ये की घरात? घरात मुलं आहेत का? मग माझा हात हातात घेऊन बोटांची लांबी बघितली, कासार बघतो तशी.

विनयच्या आवडत्या पिस्तुलाचा वरचा भाग मागे ओढायचा असतो. माझ्याने तो अर्धाही ओढवेना, वर बांगडी अडकली. पर्समध्ये मावणारं छोटंसं पिस्तूलही बघितलं, पण म्हातारा म्हणाला, जितकं छोटं तितका हाताला झटका जास्त. शेवटी रिव्हॉल्व्हर हाती दिलं. ओढायचं नाही, सेफ्टीचा खटका शोधायचा नाही, घोडा दाबला की झालं. घाबरलेल्या माणसाला जेवढं कमी करावं लागेल तेवढं चांगलं, असं त्याचं मत. मला त्याचा राग आला, कारण मी घाबरलेली आहे हे त्याला एका नजरेत कळलं.

ग्रीन कार्ड असल्यामुळे अडलं नाही. दुकानदाराने फोनवर आमची सरकारी चौकशी करून घेतली आणि पिशवीत घालून घरी.

१८ सप्टेंबर

सरावाला जाऊन आले. कान बधिर, मनगट ठणकतंय. पाच गोळ्यांतली एक लागली.

आता रिव्हॉल्व्हर माझ्याबरोबर फिरतं. पोळ्या करताना ओट्यावर, अंघोळीला जाताना टॉवेलखाली. काकूंनी ते बघून कपाळावर हात मारला. पितृपंधरवड्यात कुणी हत्यार घरात आणतं का, म्हणाल्या. निदान दसऱ्याला त्याची नीट पूजा कर. मी हो म्हटलं. बुडत्याला काडीचा आधार.

खुर्च्या गॅरेजमध्ये टाकल्या आहेत.

२५ सप्टेंबर

टरफलं खिडकीच्या बाहेरच्या कट्ट्यावर. ओली होती. म्हणजे मी भाजी चिरत होते तेव्हा तो काचेच्या पलीकडे—

कुलपं बदलली. विनय म्हणतो पुण्याला जाऊन ये थोडे दिवस. पण मग तो इथे एकटा. मला भीती वाटते, फार भीती वाटते.

२ ऑक्टोबर, दसरा. सकाळी

बऱ्याच दिवसांनी बरं वाटलं. ऑफिसला जाण्याआधी विनयने पूजा केली. पाटावर त्याचा लॅपटॉप, गाडीची किल्ली, माझी सुरी आणि रिव्हॉल्व्हर. देवापुढे भरलेली बंदूक नको म्हणून गोळ्या काढून चांदीच्या वाटीत ठेवल्या. सगळ्याला हळदकुंकू, झेंडूचं फूल. काकूंनी फोनवर बजावलं, पुजलेलं हत्यार संध्याकाळच्या आरतीपर्यंत हलवायचं नाही. विनय दुपारी जेवायला घरी येणारच आहे. एक दिवस काही होत नाही.

दुपारी

काकू सोनं द्यायला येणार म्हणून पुढच्या दाराची कडी काढून ठेवली होती. मी वर साडी नेसत होते. दार वाजलं. मी वरूनच म्हटलं, या काकू, आलेच.

जिना उतरायला लागले. पुढच्या दारात पुरुषाचे बूट. नीट काढून ठेवलेले, शेजारी शेजारी. विनयचे नाहीत.

परत वर आले. कपड्यांच्या खोलीत आहे. आतून कडी नाही, पाठ दाराला लावून बसले आहे. फोन खाली ओट्यावर. हे लिहितेय, विनयला कळावं म्हणून— उंच आहे, करडा शर्ट, जिन्याच्या कठड्यातून एवढंच दिसलं—

खाली देवघराकडे गेला. वाटी वाजली. एक एक गोळी— तो भरतोय. घाई नाही त्याला.

पाच मिनिटांपूर्वी धावले असते तर. हात लावायचा नाही म्हणून—

जिन्यावर आहे. मोज्यातली पावलं, आवाज होत नाही, फक्त लाकूड करकरतं.

बोलला. "रेणू, चहा टाक."

विनय रोज संध्याकाळी ऑफिसातून आल्याआल्या हेच म्हणतो. अगदी तसंच, तोच सूर. फक्त ट ह्याला नीट येत नाही. इतके दिवस खिडकीबाहेर बसून हा हे शिकत होता—

विनयची गाडी. विनयची गाडी आली. बाहेरच थांब, विनय, आत येऊ नको— ओरडले तर मी कुठे आहे ते ह्याला कळेल, नाही ओरडले तर विनय—

पावलं थांबली. आता खाली वळली. दाराकडे. मी ओरडणार आहे, विन—