मिशीचा आरसा

प्रिय चिंगे,

हे पत्र आहे, फोन नव्हे, त्यामुळे मध्येच कट करायची सोय नाही. न वाचता फाडशील असंही मला वाटत नाही. लहानपणी तू शेजाऱ्यांची पाकिटंसुद्धा उजेडाला धरून बघायचीस, हे तर तुझ्याच नावाचं आहे. अक्षराला नावं ठेवू नकोस. माझी शाळा चौथीत सुटली, त्यानंतर कापडावर खडूने मापं लिहिण्यापलीकडे या हाताला लिहायची सवय राहिली नाही. तुझे भाऊजी म्हणाले, आण, मी लिहून देतो. म्हटलं, नको. तुम्ही अशी काही सुरुवात कराल की ती पहिल्या ओळीलाच झोपेल.

आधी एक गोष्ट सरळ बोलून टाकते, म्हणजे मधे अडकायला नको. तुझ्या घरी सगळे ‘ते झाल्यापासून’ असं म्हणतात म्हणे. ते म्हणजे काय? काही चोरी झालीय का घरात? तोंड वाकडं झालं तुझं. सकाळी चूळ भरताना पाणी एका बाजूने गळालं आणि बघतेस तर अर्धं तोंड खाली आलेलं, एक डोळा मिटेना. डॉक्टर म्हणाले नस सुजलीय, बरं होतं. तेव्हापासून तू माझा फोन घेत नाहीस. मेहुण्यांनी सांगितलं की घरातले सगळे आरसे तू भिंतीकडे वळवून ठेवलेस, केस न बघता विंचरतेस, आणि स्टीलच्या डब्यावरसुद्धा फडकं टाकतेस. खोलीबाहेर येत नाहीस. मला काय वाटतं ते मी लिहीत नाही. समजूत घालणं मला कधी जमलं नाही, हे तुला माहीत आहे. आपली आत्या रडत होती तेव्हा मी तिला सांगितलं होतं की नाक पूस, चहात पडेल. तेव्हा समजूत राहू दे बाजूला. मी माझी बातमी सांगते.

मी काचेवर रंगवायला लागले. हस. हस, मेले. मीच, जिला शाळेत साधा आंबा काढता येत नव्हता आणि तू काढून द्यायचीस. झालं असं की पडद्यांना किनार लावून घ्यायला एक बाई माझ्याकडे येतात. त्या गच्चीवरच्या खोलीत रविवारी काचेवर रंगवायचा क्लास घेतात. पडदे पोचवायला गेले तर तिथे चार-पाच बायका माना खाली घालून बसलेल्या, आणि खिडकीत त्यांनी रंगवलेल्या काचा उभ्या करून ठेवलेल्या. ऊन त्यांच्यातून आत येत होतं आणि सगळ्या फरशीवर निळे, लाल, पिवळे तुकडे पडले होते. माझ्या पांढऱ्या पडद्यांवरसुद्धा. मी पडदे उचलायला गेले तर माझा हातच हिरवा झाला. बाई म्हणाल्या, बसा की घटकाभर. मी म्हटलं, मला वेळ नाही. आणि बसले.

बाई सावकाश बोलतात. त्यांचं एक वाक्य संपेपर्यंत माझी एक बाही लावून होते. त्यांचं म्हणणं एकच, घाई करू नका. आधी काच स्पिरिटने पुसायची, बोटाचा तेलकटपणा राहिला तर रंग धरत नाही. मग ट्यूब दाबून काळी कड काढायची, केकवर क्रीम काढतात तशी. ती कड वाळू द्यायची. मग त्या कडेच्या आत रंग ओतायचा, ब्रश ओढायचा नाही, नुसता पुढे ढकलायचा. बुडबुडा आला तर टाचणीने फोडायचा. यातलं वाळू द्यायचं सोडून मला सगळं जमलं. पहिल्या दिवशी ओल्या कडेत रंग ओतला आणि माझा मोर बदकासारखा पसरला. दुसऱ्या खेपेला घरी आणून कड लवकर वाळावी म्हणून शेजारी इस्त्री धरली. टणकन आवाज, काचेचे दोन तुकडे. तुझे भाऊजी पेपरच्या मागून म्हणाले, कॉलर कडक झाली वाटतं. मी त्या दिवशी त्यांना चहा दिला नाही.

काचेनंतर आरसा. आरशाचं नाव काढलं म्हणून पत्र खाली ठेवू नकोस, खरी मजा पुढेच आहे. आरशावर रंगवताना एक त्रास होतो, तो म्हणजे आपणच. फूल काढायला वाकावं तर आपलंच नाक मधे. मी चिडून बाईंना म्हटलं, हिला आधी बाजूला करा. तर पहिल्या आरशावर मी कडेकडेने वेल काढत होते, आणि ट्यूब तुंबली म्हणून जोरात दाबली. फस्सकन काळा रंग आला तो थेट मधोमध. पुसायला गेले तर आणखी फासला. मग त्याचीच दोन पानं करून टाकली, एक इकडे, एक तिकडे, आणि आरसा घरी आणून खोलीत टांगला.

सकाळी तुझे भाऊजी दाढी करायला उभे राहिले आणि तिथेच थांबले. दाढी नाही, काही नाही. मी स्वयंपाकघरातून दोनदा हाक मारली. शेवटी बघायला गेले तर हा माणूस आरशासमोर छाती काढून उभा. ती दोन पानं बरोब्बर ओठावर बसलेली, वरच्या टोकांना पीळ दिलेला. मला म्हणाले, बघ गं, मिशी ठेवली असती तर मी कुठल्या कुठे गेलो असतो. मी म्हटलं, कुठे जाणार होतात, कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत? पण खरं सांगू, मी इतकी हसले की गॅसवरचं दूध उतू गेलं आणि मला त्याचं काही वाटलं नाही. माझ्या दुधाचं मला काही वाटलं नाही, म्हणजे तू समज.

मग मला वाटलं, चुकून झालं ते मुद्दाम करून बघू. दुसरा आरसा घेतला. कागदाची मिशी कापली, माझ्याच ओठावर धरून, मापात. माप माझं चुकत नाही हे तूही मान्य करशील. आरशावर चिकटवली तर या कानापासून त्या कानापर्यंत गेली! पुन्हा कापली, पुन्हा तेच. शेवटी साबणाची वडी घेतली आणि आरशात दिसतंय त्या तोंडाभोवती रेघ मारून बाजूला झाले. चिंगे, तळहाताएवढं! माझं एवढं थोरलं थोबाड, आणि आरशावर तळहाताएवढं. तुझे भाऊजी म्हणाले, तू लांब उभी असशील. मी नाक टेकेपर्यंत जवळ गेले, तरी तेवढंच. मग ते स्वतः उभे राहिले रेघेत तोंड बसवून, आणि मागे मागे सरकायला लागले. अजून बसतंय, अजून बसतंय, असं ओरडत सरकत गेले ते पलंगाला अडकून धपकन बसले, तेव्हा कुठे तोंड रेघेबाहेर गेलं. इतकी वर्षं आपण रोज आरशात बघतो आणि कुणाच्या लक्षात येत नाही, आपण निम्मेच असतो तिथे. मला त्याचं फार बरं वाटलं. का ते सांगता येत नाही. इतक्याशा तोंडाचं आपण किती करतो!

दुसरी गंमत म्हणजे डोळा. दोन्ही डोळे उघडे ठेवून बघितलं की रंगवलेली मिशी दोन दिसते, कुठे बसवायची तेच कळत नाही. एक डोळा मिटला की लगेच ओठावर येऊन बसते. तो पहिला आरसा मी माझ्या शिवणाच्या दुकानात नेऊन लावलाय, आता येणारं प्रत्येक गिऱ्हाईक त्याच्यासमोर एक डोळा मिटून उभं असतं. बँकेतला तो टायवाला माणूस, पॅन्ट आखूड करायला आलेला, असाच उभा होता, आणि मी आरशाच्या बाजूला मशीनवर. तेवढ्यात त्याची बायको आली. तिला वाटलं तो मलाच डोळा मारतोय. मला! मी म्हटलं, बाई, तुमचा नवरा तुमच्याकडेच ठेवा, मला एक पुरे आहे. मग तिलाही उभी केली. तिला मिशी त्याच्यापेक्षा शोभली.

तुला आठवतं, दोघींत मिळून एकच आरसा होता आपल्याला, तोही कोपऱ्यात पारा उडालेला. मी धरायची आणि तू वेणी घालायचीस. मग कोण आधी हसतं ते बघायला तोंडं करायचो. तू दर वेळी जिंकायचीस. जिचा फोटो फोटोवाल्याने हौसेने त्याच्या दुकानाच्या काचेत लावला होता, ती मुलगी अशी भयंकर तोंडं करायची की माझ्या पोटात दुखायचं. बाहेर कुणाला हे माहीत नव्हतं. मला माहीत होतं.

तर मला आता नादच लागला. मिशी झाली, मग सिंहाची आयाळ काढली, मधे तोंडापुरती जागा मोकळी. नुसतं तोंड ठेवलं तर म्हातारी दिसते, दात दाखवून मोठ्ठा आ केला तरच सिंह होतो. मग पिपाणी काढली, लाल आणि सोनेरी. गाल टम्म फुगवले नाहीत तर काठी चघळतोय असं वाटतं. मग नाकावर घसरलेला चष्मा काढला, त्याच्यावरून बघायला भुवया वर कराव्याच लागतात, आपल्या जुन्या शाळेतल्या बाईंसारख्या. आणि शेवटी मेणबत्ती. तिची ज्योत तीन वेळा बिघडली. पिवळ्यावर लाल टाकायला घाई केली की चिखल होतो. तिसऱ्या वेळी मी पिवळा टाकून सरळ बाहेर पडले, भाजी आणली, वीज बिलाच्या रांगेत उभी राहिले, परत येऊन लाल टाकला. आता ती अशी दिसते की फुंकर मारावीशी वाटते. क्लासच्या बाई म्हणाल्या, तुम्हाला धीर आला की हो! मी म्हटलं, आला नाही, आणवलाय.

हे आरसे कुणासाठी, ते आतापर्यंत तुझ्या डोक्यात आलं असेल. मेहुण्यांनी मला त्या व्यायामाच्या डॉक्टरीणबाईंचं म्हणणं सांगितलं. आरशात बघून रोज गाल फुगवायचे, फुंकर मारायची, भुवया उचलायच्या, दात दाखवायचे, डोळा मिटायचा. न बघता केलं तर चांगली बाजूच सगळं काम उरकते आणि दुसरी झोपून राहते. नस आता कुठे हलायला लागलीय. आत्ता केलंस तर तोंड जागेवर येईल, नाही केलंस तर राहील असंच. आणि तू आरशाकडे बघत नाहीस म्हणून व्यायामच बंद. तुला सरळ सांगितलं असतं तर तू ऐकलं नसतंस, मीही नसतं ऐकलं. म्हणून पत्राबरोबर खोका पाठवलाय, पाचही आरसे कापडात गुंडाळून. माप माझ्या तोंडाचं आहे, पण आईने आपल्या दोघींना एकाच साच्यातून काढलंय, बसेल. मिटेना तो डोळा पहिल्या दिवशी बोटाने धरून मीट, मिशी मग बरोबर बसेल. मिशीखाली एकाच बाजूचा ओठ हलला, अर्धाच सिंह झाला, पिपाणीतून वारा गळला, तर गळू दे. खोलीचं दार लावून घे, मेहुण्यांना बाहेर बसव, कुणाला दाखवायचं नाही तर नको दाखवूस. फक्त सुरुवात मेणबत्तीपासून कर. आणि फुंकर मारून मारून दमलीस, ओठ जुळेनात, तर विझेना म्हणून माझ्या नावाने बोटं मोड, पण थांबू नकोस. रंगाची आहे ती, विझायची नाही. तू मारत राहा.

तुझीच, निम्म्या तोंडाची,
ताई