हिराच्या मागे, गोडोलीच्या रस्त्याने

२८ नोव्हें. ७६, रवि. सातारा
पहाटे जाग आली तर शेजारची जागा रिकामी. दाराची कडी काढलेली. विहीर, तळं, नको नको ते मनात. तसाच अनवाणी बाहेर पडलो. गोडोलीच्या रस्त्यावर समोरून हिरा येत होती. लुगड्याचा काचा मारलेला, पायात काही नाही, पळत. अंगातून वाफा निघत होत्या.
"कुटं गेलीवतीस?"
"कुटं न्हाई. पळाले जरा."
"पळाले म्हंजे?"
"पळाले म्हंजे पळाले. बरं वाटलं."
ऑगस्टात मुलगी झाली आणि लगेच गेली. तेव्हापासून बायकोच्या तोंडून 'बरं' हा शब्द आज पहिल्यांदा ऐकला. घरी येऊन स्टोव्ह पेटवायला घेतला तर काड्या विझत होत्या. शेवटी तिनेच पेटवला.

२९ नोव्हें.
एकटी पाठवायची नाही असं ठरवलं. बनियन, शर्ट, दोन स्वेटर, कोट, मफलर, माकडटोपी. तळ्यापर्यंतही पोचलो नाही, घामाने चिंब. थांबून टोपी काढली, कोट काढला, वारं लागलं आणि दात वाजायला लागले. हिरा बरीच पुढे गेली होती, ती परत आली.
"येवढं बारदान घालून कुणी पळतं व्हय?"
तिचं लहानपण आटपाडीकडे मेंढरांमागं गेलं. माझं सांगलीत, सायकलवर. दोघांत फरक पडायचाच.

४ डिसें. शनि.
चार दिवस ताप. कचेरी बुडाली. त्यापेक्षा वाईट म्हणजे मी झोपलो म्हणून तीही गेली नाही. औषध, पेज सगळं वेळेवर, पण काम झालं की परत भिंतीकडे तोंड करून बसते. हाक मारली तर दुसऱ्यांदा ओ देते.
दुपारी सुभेदारकाका आले. आमचे घरमालक, पलटणीतून रिटायर. आजारपणाचं कारण ऐकून हसले.
"आवो, आंगाला लागून सुती घालायचं, सैल. त्याच्यावर एकच लोकरीचं. कान झाका, छाती कोंबू नका. निघताना जरा कुडकुडलंच पायजे. आन् आल्या आल्या ओलं काढायचं. आधी ओलं काढायचं, मग च्या."
जाताना दारात थांबले. हिरा पाणवठ्यावर गेली होती तरी आवाज बारीक केला. "सूनबाईला नेत जावा. लढाईवरनं आलेली आमची पोरं, पळाय लागली तवाच झोपाय लागली."

७ डिसें.
परत सुरुवात. बनियन, सदरा, एक स्वेटर, कानाला मफलर. निघताना कुडकुडलो, नाक्यापाशी बरं वाटलं. काका म्हणाले तसंच.
पण आज लुगडं पायात येऊन हिरा पडली. गुडघा फुटला. रडली नाही, चिडली. संध्याकाळी कचेरीतून आलो तर माझा जुना पायजमा उसवत बसलेली. "घोळ काढतीय." थोड्या वेळाने घालून समोर उभी राहिली. पायजमा, वर माझा सुती सदरा, त्यावर तिचा बिनबाह्यांचा स्वेटर, डोक्याला पंचा घट्ट बांधलेला.
"लाज वाटती का तुमास्नी?"
"थोडी."
"मग अंधारातच निगू."
ओशाळलो. खोटं बोलायला हवं होतं का? नको. तिला कळलं असतं.

१२ डिसें. रवि.
तिच्यासाठी क्यानव्हासचे बूट आणले. बायकी मापाचे मिळाले नाहीत, पोरांचे घेतले. नाडी बांधायची सवय नाही तिला. खाली बसून मी बांधली. हिरा वर बघत होती, काका-काकूंच्या खिडकीकडे. लाज आज तिला वाटली.

१९ डिसें. रवि.
थंडी लय. पांघरुणातून हात बाहेर काढवत नाही. हिराने युक्ती काढली आहे. पळायचे कपडे रात्री उशाशी, गोधडीच्या आत ठेवते. सकाळी ऊबदार असतात, आत आतच घालायचे. तरी उठणं होत नाही. दोघं जागे. 'आज राहू दे' हे दुसऱ्याने म्हणावं म्हणून वाट बघत पडलेले. शेवटी पलीकडून काका खोकले. मुद्दाम खोकतात असा मला संशय आहे.
गेलो. धुकं होतं. तिचे बूट ऐकत पळालो, ती दिसत नव्हती.
अलीकडे तिला झोप लागते.

२ जाने. ७७, रवि.
आज किल्ल्याच्या चढावर हिरा मधेच थांबली. वाटलं पायात काटा मोडला. खाली बसली आणि रडायला लागली. मोठ्याने. ऑगस्टात रडली नव्हती, दवाखान्यात नाही, घरीही नाही.
"हातात दिली तवा पाय गरम हुतं तिचं."
मला हे माहीत नव्हतं. मला बाहेर थांबवलं होतं. मी बघितली तेव्हा गुंडाळलेली होती.
घाम गार होत होता. माझा स्वेटर कमरेला बांधलेला, तो तिच्या अंगावर घातला. उजाडेपर्यंत बसलो. खाली उतरताना लोक बघत होते, बघू देत.

१४ जाने. शुक्र. सांगली
संक्रांतीला दादाकडे. दादा कुपवाडला कारखान्यात, आई त्याच्याकडेच असते. पिशवी उघडताना आईला पायजमा आणि बूट दिसले. "ह्ये कुणाचं?" हिरा म्हणाली, "माजं." बस्स. तिळगूळ वाटून झाल्यावर आईने मला मागच्या दारी नेलं.
"तिला सा म्हैनं आटपाडीला ठेव. डोकं जाग्यावर येऊ दे. मग बगू."
'मग बगू' म्हणजे काय ते मला कळतं. दोन घरं सोडून शिंत्र्यांच्या सुनेचं तेच झालं. ती परत आली नाही, दुसरी आली.


१५ जाने. शनि.
वाटलं होतं इथे पळायचं नाव काढणार नाही. पण हिराने हळूच हलवलं. "निगायचं का?"
कुपवाडच्या रस्त्याला लागलो. पहिल्या पाळीचे कामगार सायकलींवरून चाललेले. एकाने शिट्टी मारली. एक ओरडला, "वैनी, दम धरा, दादा मागं ऱ्हायलं!" हिरा हसली. पळता पळता मागे वळून हसली. लाजबीज वाटायला मला श्वासच नव्हता.
परत आलो तर आई दारात. मी म्हणालो, "आई, हिरा आटपाडीला जाणार न्हाई. येडं म्हणायचं आसंल तर दोघास्नी म्हण. मी बी पळतोय."
आई हिराकडे बघत राहिली, पायांपासून डोक्यापर्यंत.
"माज्या बी दोन गेल्या," म्हणाली. "मला कुणी उंबऱ्याभाईर जाऊ दिलं न्हाई."
मला एकीचंच माहीत होतं.
मग म्हणाली, "आंग पुस आदी. गारठशील," आणि आत गेली.

१३ फेब्रु. रवि. सातारा
थंडी उतरायला लागली. पहाटे पंचा लागत नाही.
काल संध्याकाळी भाकरी थापता थापता, माझ्याकडे न बघता, हिराने सांगितलं. पाळी चुकली आहे. वीसेक दिवस झाले. मला आनंद झाला आणि लगेच भीती वाटली. तिच्याही चेहऱ्यावर तेच. भाकरी करपली.
बाईडॉक्टर उद्या भेटतील.
पहाटे दोघं जागे. तिने कपडे घातले, बूट घातले. नाडी आता तीच बांधते. मग उंबऱ्यात उभी.
"पळू का नगं?"
"उद्या डॉक्टरबाईंना विचारू."
"त्या उद्या सांगतील. आज?"
मागच्या वेळी ती पळाली नव्हती, जड उचललं नव्हतं, सगळं सांभाळलं होतं. तरी मुलगी गेली.
"चालत जाऊ," म्हणालो.
अंधार होता, तिचा हात धरला. तळ्यापर्यंत तसेच गेलो. तिथून पुढे रस्ता मोकळा. हिरा थांबली. माझ्याकडे बघितलं आणि हात सोडवून घेतला. तिच्या बुटांचा आवाज पुढे पळत गेला, मी मागे.