अस्वलाचं ट्रेनिंग

प्रिय आई,
रिनाचा सप्रेम जय भीम.

आलापल्लीच्या पुढं या गावात फोन लागत नाई, म्हणून चिठ्ठी पाठवून राह्यली. आरोग्यसेविकेचं काम जमलं. क्वार्टरही चांगलं हाय, मागंच मोहाचं झाड हाय.

त्या झाडाखाली पहाटे अस्वल येते. भेऊ नको. ट्रेनिंगमध्ये मॅडमनं सांगतलं, काळजी आली की तिच्या जागी चांगला विचार ठेवा. मी ठेवला, की ते मोहफुलं खायले येते, मले खायले नाई.

हे मी शेजारच्या मनकर्णाबाईले समजावलं. तिनं सारं ऐकून घेतलं अन् इचारलं, "हे ट्रेनिंग अस्वलाचं झालं का?"

तवापासून ती माह्याकडेच झोपते, उशाशी तेलाचा रिकामा पिपा घेऊन. अस्वल आलं की पिपा बडवते. अस्वल पळते. मॅडमले मात्र मी सांगतलं, अस्वल चांगल्या विचारानं पळते.

तू बीपीची गोळी घेते ना? बाबाले भर उन्हात वावरात काऊन जाऊ देते? राजदीपदादा गाडी हळू चालवते का?

अस्वलावर चांगला विचार चालते, आई. तुमच्यावर चालत नाई, अन् एवढ्या दुरून पिपाही वाजवता येत नाई.

तुही, बिलकूल काळजी न करणारी,
रिना